कपाळावरचा पराग

“मग तुमच्या वडिलांचं फूल हे नव्हेच, आल्बीनाबाई,” ऑरिन म्हणाला आणि सगळे हसले. आल्बीनाही हसली. हसणं ओसरल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपला अंगठा अजून तसाच हवेत धरलेला आहे.

लिंकन शहरातल्या संग्रहालयामागच्या वाफ्यात दोन्ही शंकूफुलं शेजारी शेजारी लावलेली होती. उन्हाळ्यातल्या शनिवारी सकाळी हौशी मंडळी जमायची आणि आल्बीना त्यांना ती ओळखायला शिकवायची. मधोमध काटेरी तपकिरी शंकू, भोवती लोंबत्या जांभळट पाकळ्या. नवख्या माणसाला दोन्ही एकच वाटतात. पाकळ्यांवर जाऊ नका, ती सांगायची, पाकळी पावसाच्या वर्षी लांबते आणि कोरड्या वर्षी आखडते. उंचीवर तर मुळीच जाऊ नका, एका घरातली भावंडंसुद्धा उंच-बुटकी निघतात. अंगठा ठेवा. शंकूवर अंगठा टेकवायचा, हलकेच फिरवायचा आणि बघायचं. पांढरी भुकटी लागली तर हे पूर्वेकडचं, फिकट जातीचं, आमच्या पॉनी काउंटीतल्या कुरणांतलं. पिवळी लागली तर ते पश्चिमेचं, पाऊस कमी होत जातो आणि वाळूच्या टेकड्या सुरू होतात तिथलं. मग लोक वाकून अंगठे टेकवायचे, एकमेकांना दाखवायचे, लहान मुलांसारखे खूश व्हायचे. आणि शेवटी, घरी जायच्या आधी, ती त्यांना वडिलांची गोष्ट सांगायची. गवत कापणीच्या दिवसांत, घरच्या कुरणाच्या कडेला, वडिलांनी असाच एका फुलावर अंगठा टेकवला आणि माझ्या कपाळावर पिवळा क्रूस काढला, राखेच्या बुधवारी चर्चमध्ये पाद्री राखेचा काढतो ना, तसा. लोक “वा” म्हणायचे. किती उन्हाळे तिने ही गोष्ट सांगितली होती, आणि कोणी काही विचारलं नव्हतं. ऑरिन या वर्षीच यायला लागलेला, निवृत्त दातांचा डॉक्टर. “आत्ताच म्हणालात, तुमच्याकडे पांढरा,” तो म्हणाला, “आणि कपाळावर पिवळा कसा? रागावू नका हां. जन्मभर लोकांचे दात बघितलेत मी. चुकीच्या जागी उगवलेला लगेच दिसतो मला.”

“रागवायचं काय त्यात,” ती म्हणाली. “उन्हात पिवळा दिसला असेल.” पण उन्हात पांढरा पराग पिवळा दिसत नाही हे तिथे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

घरी आल्यावर तिने कॉफीसाठी पाणी ठेवलं आणि ते उकळून आटेपर्यंत ती खिडकीशी उभी राहिली. खाली रस्त्यावर बस थांबली, निघून गेली. दोन गोष्टी इतकी वर्षं एकाच डोक्यात शेजारी शेजारी राहत होत्या आणि त्यांनी कधी एकमेकींकडे पाहिलं नव्हतं, याचंच तिला नवल वाटत होतं. घरच्या कुरणात पिवळा पराग नव्हता. कधीच नव्हता. ती आणि व्लास्ता, तिच्याहून अकरा महिन्यांनी धाकटी बहीण, त्या कुरणात वाढल्या होत्या. वाळलेल्या शंकूंच्या फण्या करून दोघी एकमेकींचे केस विंचरायच्या, आणि जूनअखेरीला दोघींच्या फ्रॉकवर, कोपरांवर, नाकावर जे माखलेलं असायचं ते पांढरंच असायचं, पिठासारखं. आई म्हणायची, या कुठल्या गिरणीत जाऊन आल्या. आणि तरी तो दिवस तिला इतका स्वच्छ दिसत होता. वडील गवत कापायच्या यंत्राचं पातं मांडीवर घेऊन कानशीने घासत बसलेले. लोखंडाचा तो करकर आवाज, दातांत जाणारा. मानेवरून घाम. त्यांनी पातं बाजूला ठेवलं, हात पुढे केला, फूल तोडलं नाही, नुसता अंगठा फिरवला. मग तो अंगठा कपाळाकडे आला, उभा, मग आडवा. कपाळावर पिवळं, घामात चिकटलेलं, थोडं भुवईवर सांडलेलं. आणि ते म्हणाले, “आल्बीना. ही आल्बीना. आता दिवसभर तरी चुकणार नाही.”

हे एवढंच. दुसऱ्या कोणाला यात काय आहे असं वाटेल. पण वडिलांनी त्या दोघींना नावाने अशी हाक मारलीच नव्हती कधी. आई दोघींचे फ्रॉक पिठाच्या एकाच छापाच्या पिशव्यांतून शिवायची, केस एकाच कात्रीने कानाखाली कापायची, आणि त्यांचा बाप लुमीर वाव्रा, सहा फूट उंच, तोंडातून शब्द काढायला पैसे पडतात अशा स्वभावाचा माणूस, दोघींनाही “ए पोरी” म्हणायचा. पोरी, पाणी आण. पोरी, बदकं आत घे. जी जवळ असेल ती जायची. व्लास्ताला त्याचं काही नसायचं, उलट ती त्याचा फायदा घ्यायची. “त्यांनी तुलाच सांगितलंय” म्हणून पळायची. आल्बीना मात्र थांबायची, वडिलांच्या तोंडाकडे बघत. कदाचित नाव घेतील. पुढे लग्न झालं, नवरा आला आणि वारला, मुलगी ओरेगनला गेली, आणि या सगळ्याच्या तळाशी तो एक अंगठा होता. एकदा, एका माणसाने आपल्याला दुसरीपासून वेगळं ओळखलं होतं. माणसाला जगायला फार लागत नाही. तिला एवढं पुरलं होतं.

पिवळा पराग पश्चिमेला. पश्चिमेला योसेफकाकांचं रान होतं, वाळूच्या टेकड्यांच्या कडेला, ब्रोकन बो गावाच्याही पलीकडे. आपल्याकडची कापणी उरकली की वडील भावाच्या मदतीला तिकडे जायचे, आणि एका उन्हाळ्यात ते एका मुलीला सोबत घेऊन गेले होते. व्लास्ताला. आल्बीनाला हे पक्कं माहीत होतं, कारण व्लास्ता परत आली ती नाकाची साल निघालेली, आणि रात्री एका पलंगावर, एका पांघरुणात, ती किती दिवस तिकडच्या गोष्टी सांगत होती. झाडच नाही गं तिकडे, एकसुद्धा. पवनचक्कीचा आवाज रात्रभर येतो. काकांनी मला एक मूळ चघळायला दिलं आणि माझी जीभच मेली, चावली तरी कळेना. आणि आल्बीना अंधारात ऐकत होती, स्वतःची जीभ दातांखाली दाबून बघत होती. त्या उन्हाळ्यात ती घरी होती, आईबरोबर चेरीच्या बिया काढत. तिचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते. मग कपाळ कोणाचं? व्लास्ताने तेही सांगितलं असेल त्या रात्रींत कधीतरी, आणि तिने ते घेतलं असेल, जसा एकीचा मोजा दुसरीच्या पायात जायचा. पण मग वडील “आल्बीना” कसं म्हणाले? का ते “व्लास्ता” म्हणाले होते, आणि तिने नुसतं नाव बदलून घेतलं? किंवा, आणि इथे तिचं बोट कॉफीच्या भांड्याला चटकलं, किंवा सगळं घरच्याच कुरणात झालं असेल आणि पराग पांढराच असेल, आणि रंग आता, अलीकडे, तिच्या डोक्यात बदलला असेल. आईचं असंच सुरू झालं होतं. नावं नंतर गेली. आधी रंग गेले. हिरव्या किटलीला ती निळी किटली म्हणायला लागली, आणि कोणी सुधारलं तर समजुतीने हसायची, जणू चूक समोरच्याचीच आहे. त्यानंतर वर्षभराने ती आल्बीनाला व्लास्ता म्हणू लागली, आणि मग दोघींनाही तिच्या स्वतःच्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाका मारू लागली.

आल्बीनाने स्वयंपाकघरातले रंग मोजायला सुरुवात केली. टॉवेल पिवळा. पडदा पांढरा. पिवळा, पांढरा. ते बरोबर होतं. पण बरोबर आहे हे सांगणारं डोकं तेच होतं.

रविवारी प्रार्थना आटोपून ती गाडी घेऊन निघाली. व्लास्ता अजून पॉनी काउंटीतच होती, शेत विकल्यानंतर गावात घेतलेल्या छोट्या घरात, नवरा गेल्यापासून एकटी. फोनवर विचारता आलं असतं. पण फोनवर व्लास्ताचा आवाज हुबेहूब तिच्यासारखा यायचा आणि अशा गोष्टी स्वतःच्याच आवाजाला विचारल्यासारखं झालं असतं. दोन्ही बाजूंना मका उभा होता, सोयाबीन होतं, आणि मधूनच एखादी दफनभूमी, जिथे नांगर कधी गेला नाही म्हणून कुंपणाच्या आत जुनं गवत अजून तग धरून होतं. एरवी ती अशा ठिकाणी गाडी थांबवायची. आज थांबली नाही. तिला एक गोष्ट सुचली होती आणि ती तिला धरून चालली होती. दिवसभर तरी चुकणार नाही, असं वडील म्हणाले. चुकायला दोघी समोर हव्यात. एकच पोर बरोबर नेली असेल तर खूण कशाला लागेल? म्हणजे दोघी होत्या. म्हणजे घरीच. म्हणजे पांढरा. हे सगळं इतकं नीट जुळलं की तिला बरं वाटलं, आणि पुढच्याच वळणावर वाटलं, बरं कसलं? घरी असेल तर आठवण माझी, पण रंग नासलेला. म्हणजे आईची वाट धरली. पश्चिमेला असेल तर रंग खरा, डोकं शाबूत, पण अंगठा दुसरीच्या कपाळावर. यातलं एक तरी जाणारच होतं. ती स्वतःला विचारत राहिली, यातलं काय गेलेलं चालेल, आणि मक्याच्या रांगा एकामागून एक उघडत मिटत राहिल्या.

व्लास्ता मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसली होती. गाडीचा दरवाजा वाजल्यावर तिने मान वळवली, पण थेट नाही, किंचित कडेला, कोंबडी बघते तशी. गेल्या दोन-तीन वर्षांत तिच्या डोळ्यांच्या मध्यावर एक धुरकट ठिपका बसला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही.

“कोण? आल्बी? अगं, कोणी मेलं का?”

“कोणी मेलं नाही. सहज आले.”

“तू आणि सहज? सहज तर तू शिंकतसुद्धा नाहीस, बाई.” व्लास्ताने शेजारची खुर्ची पायाने पुढे सरकवली. “आत कोलाची आहेत. खसखशीचं सारण भरलेली. शेजारणीने आणलीत, पीठ दगडासारखं झालंय, पण तोंडावर सांगू नकोस तिच्या. दात मजबूत असतील तर खा.”

दातांवरून आल्बीनाला ऑरिन आठवला आणि तिने सरळच विचारलं. “व्लास्ता, योसेफकाकांकडे बाबांबरोबर कोण गेलं होतं?”

“कोण म्हणजे? तू.”

कुंपणापलीकडे कोणीतरी गवत कापायचं यंत्र सुरू केलं, बंद केलं, पुन्हा सुरू केलं. “मी नाही,” आल्बीना म्हणाली. “तू गेलीस. तू मला सांगायचीस रात्री. झाडं नाहीत, पवनचक्की...”

“तू मला सांगायचीस! मी घरी होते हात मोडून. माळ्यावरून पडले नव्हते का मी? हा बघ.” व्लास्ताने उजवा हात पुढे केला. कोपरापाशी तो जरा वाकडाच होता, नेहमी असायचा. “एका हाताने चेऱ्यांच्या बिया काढल्यात मी त्या वर्षी. आई म्हणायची, निम्मी पोर असली तरी निम्मं काम करेल.”

“बिया मी काढल्या.”

“दरवर्षीच काढायचो, बाई. चेऱ्यांचं काय घेऊन बसलीस?”

आल्बीनाला प्लॅस्टरखालची खाज आठवली. वाळलेल्या शंकूची फणी आत घालून खाजवलं होतं, आणि एक काटा आत राहिला होता. तो काटा तिला आत्ताही टोचला, उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला. तिचा हात कधी मोडला नव्हता. तिने दोन्ही कोपरांवरून हात फिरवून बघितला, आणि व्लास्ता कडेच्या नजरेने ते बघत होती असं तिला वाटलं.

“हात त्याच वर्षी मोडला कशावरून?”

“कशावरून म्हणजे काय? माझा हात आहे तो.”

“आणि माझी जीभ मेली होती तिकडे? मुळी चघळून?”

“असं तू सांगितलंस. मी किती दिवस जीभ चावून बघत होते अंधारात. मला वाटायचं, हिचं सगळं मजेचं आणि माझं प्लॅस्टर.”

आल्बीनाने डोळे मिटून घेतले. टेकड्या आणायचा प्रयत्न केला. तो अख्खा उन्हाळा, जातानाची गाडी, काकांचं तोंड, काहीतरी एक वस्तू जी व्लास्ताच्या तोंडून आलेली नाही. काही आलं नाही. नुसता अंगठा. गेले असेन, तर एक अख्खा उन्हाळा माझ्यातून गळून गेला आणि मला भोकसुद्धा दिसलं नाही. तिला एकदम इतकी भीती वाटली की ती उठून उभी राहिली आणि मग कुठे जायचं ते न सुचून पुन्हा बसली.

“आल्बी, काय झालंय?”

“बाबांनी माझ्या कपाळावर क्रूस काढला होता. परागाचा. माझं नाव घेतलं होतं.”

“हां, ते,” व्लास्ता म्हणाली. “ते तर तू आल्या दिवशीच सांगितलंस. आईच्या आधी मला. मला किती राग आला होता.”

“पण मी एकटीच असेन बरोबर, तर ते चुकणार नाही असं का म्हणतील? कोणाशी चुकतील?”

व्लास्ता हसायला लागली. ती हसली की खांदे हलायचे, आईचे हलायचे तसे. “अगं, तू ओळखत नव्हतीस का त्यांना? दोघींतली कोणती बरोबर आणलीय हेच त्यांना आठवत नसणार! काकांनी विचारलं असेल, काय रे लुमीर, ही कोणती? आणि हा माणूस बघत बसला असेल तुझ्याकडे.”

आल्बीनालाही हसू आलं. दोघी हसल्या, आणि दोघींचं हसणं एकाच जागी तुटलं. हे इतकं खरं वाटत होतं, की खरं असायलाच हवं होतं. आणि व्लास्ता लहानपणापासून अशीच, इतकं खरं वाटेल असंच बोलायची. एकुलतं एक संत्रं ती “मला आंबट लागतं” म्हणून पुढे ढकलायची, आणि कितीतरी वर्षांनी कळायचं की तिला संत्री प्राणांपलीकडे आवडत. आल्बीनाने तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. त्या तोंडावर काही वाचता येईना. ते तिचंच तोंड होतं, थोडं जास्त उन्हातलं.

कुंपणाच्या कडेला शंकूफुलांचा एक जुना गड्डा होता. कुरण विकलं गेलं आणि ट्रॅक्टर यायच्या आदल्या दिवशी व्लास्ताच्या नवऱ्याने तो फावड्याने उचलून आणला होता. बहुतेक फुलं वाळली होती, शंकू काळे पडले होते. एकच उशिरा उमललेलं होतं, पाकळ्या खाली लोंबवून. आल्बीना उठून तिथे गेली. तिने अंगठा टेकवला, फिरवला, आणि पाहिला. पांढरा. स्वच्छ, पिठासारखा पांढरा. तो तसाच धरून ती परत खुर्चीपाशी आली. ती काय करणार आहे हे तिला स्वतःला ठाऊक नव्हतं.

“व्लास्ता, जरा वर बघ.”

“का गं?”

पण अंगठा अजून वाटेतच होता, तोच व्लास्ताने हनुवटी उचलली आणि डोळे मिटून घेतले. डोळे मिटायला कोणी सांगितलं नव्हतं. जन्मभर राखेच्या बुधवारी रांगेत उभी राहिलेली बाई असंच करणार, आल्बीनाने स्वतःला सांगितलं. कोणीही असंच करेल. तिने अंगठा उभा ओढला, मग आडवा. ऊन तिरपं येत होतं. कपाळ घामाने ओलं होतं, भुकटी चिकटली आणि थोडी भुवईवर सांडली. आल्बीना एक पाऊल मागे सरकली आणि तिने ते पाहिलं. हेच. असंच. हेच कपाळ, ही भुवई, भुवईवर सांडलेलं. सगळा जन्म ती जे बघत आली होती ते हेच होतं, आणि ते ती बघत आली होती. स्वतःचं कपाळ कोणाला दिसतं? वडिलांचा अंगठा आपल्या कपाळावर असता तर दिसला असता नुसता हात, मनगट, बाहीचं बटण. क्रूस दिसला नसता. तो ज्याला दिसतो तो समोर उभा असतो, किंवा जरा बाजूला, आपली पाळी येईल म्हणून वाट बघत. का एकमेकींच्या तोंडाकडे बघतच वाढलेल्या दोघींना स्वतःचं कपाळ म्हणून आठवायला दुसरं काही नव्हतंच?

“नाव घे ना,” व्लास्ता डोळे न उघडता म्हणाली. “ते नाव घेतात.”

‘घेतात’ असं ती म्हणाली. आल्बीनाने तोंड उघडलं, आणि क्षणभर तिला खरंच कळेना, कोणतं.

“व्लास्ता,” ती म्हणाली. “ही व्लास्ता. आता चुकणार नाही.”

व्लास्ताची हनुवटी अजून वरच होती. कुंपणापलीकडचं यंत्र थांबलं होतं, आणि कापलेल्या गवताचा ओला, गोडसर वास इकडे आला. मग तिने डोळे उघडले, मान कडेला वळवून बहिणीचा अंगठा शोधायचा प्रयत्न केला, आणि तो तिच्या त्या धुरकट ठिपक्यात कुठेतरी हरवला.

“मला दिसत नाही गं,” ती म्हणाली. “कोणता रंग आलाय?”

आल्बीनाने अंगठ्याकडे पाहिलं. कपाळाकडे पाहिलं. किती उन्हाळे तिने लोकांना हेच एक शिकवलं होतं.

“पिवळा,” ती म्हणाली.

व्लास्ताचे खांदे खाली आले. “मग बरोबर,” ती पुटपुटली, आणि कपाळाला हात न लावता, कोणी पुसेल की काय अशा बेताने, खुर्चीत मागे टेकून बसून राहिली.